ओव्हन नसताना ईस्टरचे केक पॉप्स: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

तीन वर्षांपूर्वीचा पवित्र शनिवार, म्हणजे ईस्टरच्या आदला दिवस, दुपारचे चार. वसईतल्या आमच्या घरात पंखा पाचवर, ओट्यावर तांदळाचा डबा, डब्यात खोचलेल्या चोवीस काड्या आणि एकाही काडीवर केक पॉप नाही. सगळे गोळे सावकाश, अगदी सभ्यपणे, काडीवरून घसरत तांदळात जाऊन बसले होते. रात्रीच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना वाटायला म्हणून मी हा घाट घातला होता. केक, चॉकलेट आणि तांदूळ यांचा तो काला सासूबाईंनी पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "लाडू काडीवर कशाला चढवायचे गं? हातात देता येत नाहीत का?"

तेव्हापासून दरवर्षी करते आहे. आता पडत नाहीत. मधल्या काळात जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते, म्हणजे तुमचा शनिवार तरी वाया जाणार नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. केक पॉप म्हणजे केकचा किंवा बिस्किटाचा चुरा कशात तरी मळून वळलेला लाडू, काडीला टोचून चॉकलेटात बुडवलेला. ज्याला बेसनाचा लाडू वळता येतो, त्याला याचं निम्मं काम येतंच. उरलेलं निम्मं काम उकाड्याशी झुंजण्याचं आहे, आणि ते या कृतींच्या व्हिडिओंत कोणी सांगत नाही, कारण त्यातले बहुतेक थंड देशांतल्या स्वयंपाकघरांत केलेले असतात. तिथे चॉकलेट ओट्यावर आपोआप गोठतं. आपल्याकडे ते ओट्यावर आपोआप वितळतं.

१. आधी तारीख बघा

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा ढोबळ हिशेब. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. २०२५ मध्ये तो २० एप्रिलला होता, २०२६ मध्ये ५ एप्रिलला, २०२७ मध्ये २८ मार्चला. तीन-चार आठवड्यांचा हा फरक कॅलेंडरवर किरकोळ वाटतो, पण किनारपट्टीवरच्या स्वयंपाकघरात तो चांगलाच जाणवतो. ईस्टर जितका उशिरा, तितकं फ्रीजवर जास्त अवलंबून राहावं लागतं.

आता आठवड्याची आखणी. सामान बुधवारपर्यंत घरात आलेलं बरं. गुरुवारी संध्याकाळी चर्च असतं, शुक्रवारी उपवास असतो आणि त्या दिवशी घरात चॉकलेटचा वास सुटलेला कोणालाच आवडत नाही. म्हणून गोळे गुरुवारी दुपारपर्यंत वळून फ्रीजमध्ये टाकायचे आणि शनिवारी सकाळी चॉकलेटात बुडवायचे. सकाळी म्हणजे खरोखर सकाळी, सातला वगैरे. मी दुपारी केले होते, त्याचं काय झालं ते वर वाचलंतच.

एक अडचण आधीच सांगते. आमच्याकडे राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरपर्यंत गोड सोडणारे बरेच जण असतात, मीही त्यातलीच. म्हणजे मिश्रण चाखायचं कोणी? मी खालच्या मजल्यावरच्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलीला बोलावते. ती अत्यंत गांभीर्याने चाखते आणि दरवर्षी "थोडं अजून गोड" असंच सांगते. तिचं ऐकू नका. वरून चॉकलेट येणार आहे.

२. काय काय लागेल

बावीस-चोवीस केक पॉप्ससाठी:

- मारी बिस्किटं २५० ग्रॅम
- कंडेन्स्ड मिल्क साधारण १६० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या डब्याच्या आत-बाहेर
- लोणी ४० ग्रॅम, फ्रीजबाहेर ठेवून मऊ झालेलं
- कोको पावडर २ मोठे चमचे (पांढरे गोळे हवे असतील तर वगळा)
- कंपाउंड चॉकलेट ४०० ग्रॅम, पांढरं किंवा डार्क
- वनस्पती तूप १ लहान चमचा, लागलंच तर
- कागदाच्या काड्या २५ ते ३०
- सजावटीला रंगीत बडीशेप, सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस, काजूच्या पाकळ्या, मगज बी

साधनांमध्ये मिक्सर, रव्याची चाळण, वजनकाटा, काचेचा एक बाऊल आणि एक उंच, अरुंद कप. काड्या उभ्या करायला तांदळाने भरलेला खोल डबा पुरतो. थर्माकोलचा ठोकळाही चालतो, पण त्याचे दाणे सुटतात आणि नेमके ओल्या चॉकलेटलाच जाऊन चिकटतात. मला तांदूळच बरे वाटतात. फक्त डबा काठोकाठ भरा आणि तांदूळ दाबून बसवा, नाहीतर काड्या कलंडतात.

सामानातली महत्त्वाची गोष्ट एकच, ती म्हणजे चॉकलेट. दुकानात दोन प्रकार मिळतात. एकात कोको बटर असतं, ते महाग, चवीला उत्तम, पण अंगाच्या उबेनेच वितळतं. शिवाय ते चकचकीत गोठवायचं तर ठरावीक तापमानाला तापवून, निववून, पुन्हा तापवावं लागतं. दुसरं कंपाउंड. त्यात कोको बटरऐवजी वनस्पतीजन्य चरबी असते. ते नुसतं वितळवा, बुडवा, गोठतं. चवीचे दर्दी कंपाउंडला नाकं मुरडतात, आणि नुसतं खायचं असेल तर मीही मुरडेन. पण एप्रिलच्या वसईत, पहिल्याच प्रयत्नात, तीस मुलांसाठी करताना कंपाउंडच घ्या. केकचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात 'कंपाउंड स्लॅब' म्हणून मागितलं की देतात.

काड्यांच्या बाबतीत काटकसर करू नका. आइस्क्रीमची चपटी काडी गोळा फाडते. बांबूची काडी टोकदार असते, लहान मुलाच्या हातात ती नको. केक पॉपची म्हणून जी गोल, कागदाची काडी मिळते तीच आणा.

३. बिस्किटं की केक?

नाव केक पॉप असलं तरी पहिल्या खेपेला बिस्किटांचेच करा. बिस्किटाचा चुरा कोरडा असतो, त्यामुळे ओलसरपणा आपल्या हातात राहतो. अंडं नाही, क्रीम नाही, म्हणून उन्हाळ्यात लवकर बिघडतही नाही.

तरी केकचेच हवे असतील तर बेकरीतला साधा स्पंज किंवा टी केक ४०० ग्रॅम घ्या. क्रीम लावलेला केक मुळीच नको, पहिल्या वर्षी मी तोच घेतला होता. वाढदिवसाचा उरलेला केक संपवायचा आणि केक पॉप्सही करायचे, असा दुहेरी हिशेब होता. केकच्या चुऱ्याला बांधायला ६० ग्रॅम डार्क कंपाउंड आणि ४० मिली फ्रेश क्रीम एकत्र गरम करून झालेलं घट्ट सॉस पुरतं. सगळं एकदम ओतू नका. मावा केक असेल तर याच्या निम्म्यानेही काम होतं, कारण त्यात लोणी आधीच भरपूर असतं.

यापुढचं सगळं बिस्किटांच्या हिशेबाने लिहिलं आहे, पण दोन्हींना लागू पडतं.

४. चुरा आणि मळणं

बिस्किटं मिक्सरमधून थांबून-थांबून फिरवा आणि रव्याच्या चाळणीने चाळून घ्या. चाळायचा कंटाळा येतो, मान्य आहे. पण मोठा तुकडा राहिला की गोळ्याला तिथे भेग पडते आणि वरच्या चॉकलेटवर मोड आल्यासारखा उंचवटा दिसतो. वर राहिलेले तुकडे पुन्हा मिक्सरला लावा.

चुऱ्यात कोको मिसळा, लोणी चोळून घ्या, मग कंडेन्स्ड मिल्क घाला. सगळं १६० ग्रॅम एकदम नाही. १३० घाला, मळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. ही दहा मिनिटं फार महत्त्वाची. चुरा ओलावा हळूहळू शोषतो. सुरुवातीला मिश्रण चिकट वाटतं म्हणून माणूस अजून बिस्किटं घालतो, किंवा कोरडं वाटतं म्हणून अजून कंडेन्स्ड मिल्क घालतो, आणि दहा मिनिटांनी दोघांनाही पश्चात्ताप होतो. आधी थांबा, मग ठरवा.

कसोटी लाडवाचीच. मूठभर मिश्रण घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे स्पष्ट दिसले पाहिजेत, कडा फुटता कामा नयेत आणि तळहात ओशट, चिकट राहता कामा नये. फुटत असेल तर एकेक लहान चमचा कंडेन्स्ड मिल्क वाढवा. हाताला चिकटत असेल तर चुरा वाढवा. शंका असेल तर थोडं कोरडं चालेल, ओलं नको. माझे गोळे घसरले त्याचं मुख्य कारण हेच होतं. क्रीमचा केक, वर आणखी क्रीम, आणि "मऊ झाले तर छानच लागतील" ही माझी समजूत.

५. वळणं

इथे वजनकाटा काढा. प्रत्येक गोळा २० ते २२ ग्रॅमचा, म्हणजे लहानशा लिंबाएवढा. डोळ्यांच्या अंदाजाने वळायला घेतलं की पहिला गोळा बोराएवढा आणि शेवटचा मोतीचुराच्या लाडवाएवढा होतो, हा अनुभव. पंचवीस ग्रॅमच्या वर गेला की काडीला तो पेलत नाही.

आधी मुठीत घट्ट दाबा, मग तळहातांत फिरवा. नुसता फिरवलेला गोळा वरून गुळगुळीत आणि आतून पोकळ राहतो, आणि काडी घातली की दुभंगतो. अंड्याचा आकार हवा असेल तर गोल गोळा झाल्यावर एका बाजूला तळहात जरा तिरपा धरून दोन-तीन वळसे द्या, ते टोक आपोआप निमुळतं होतं. जाड बाजू खाली, काडीकडे ठेवा.

ताटलीत बटर पेपर घालून गोळे मांडा, वरून झाकण किंवा प्लास्टिक लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा. बुडवण्यापूर्वी निदान अर्धा तास तरी ते फ्रीजमध्ये हवेत. गुरुवारी केलेले असतील तर हवाबंद डब्यात शनिवारपर्यंत आरामात राहतात. घाई आहे म्हणून फ्रीझरमध्ये ठेवू नका, कारण आठव्या पायरीत कळेल.

६. चॉकलेट वितळवणं: पाण्याचा एक थेंबही नको

ही पायरी सगळ्यात जास्त लोकांना रडवते, म्हणून जरा सविस्तर.

कंपाउंड बारीक चिरून घ्या. मायक्रोवेव्ह असेल तर काचेच्या बाऊलमध्ये, निम्म्या पॉवरवर, एका वेळी ३० सेकंद. दर वेळी बाहेर काढून ढवळा. थोडे तुकडे दिसत असतानाच थांबा, उरलेले ढवळता ढवळता विरघळतात. नसेल तर गॅसवर पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा, गॅस बंद करा आणि वर काचेचा बाऊल ठेवा. बाऊलचं बूड पाण्याला टेकू नये आणि तो पातेल्यावर घट्ट बसावा, म्हणजे कडेने वाफ वर येणार नाही.

वाफ का नको? वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब गेला की त्यातली साखर आणि कोको त्या पाण्याला धरून गोळा होतात आणि बघता बघता तुळतुळीत चॉकलेटचा ओल्या मातीसारखा लगदा होतो. ओला चमचा, नीट न पुसलेला कप, वाफ, यांतलं काहीही पुरतं. मी सगळी भांडी आधी कोरड्या फडक्याने पुसते आणि मग पाच मिनिटं पंख्याखाली उपडी ठेवते. एकदा लगदा झाला की त्यात बुडवणं विसरा. पण फेकू नका, गरम दूध घालून ढवळलं की त्याचं उत्तम सॉस होतं.

रंगाची गफलतही इथलीच. पिवळं पिल्लू हवं म्हणून मी घरातला नेहमीचा पातळ खाण्याचा रंग दोन थेंब पांढऱ्या कंपाउंडमध्ये टाकला होता. तो पाण्यातला रंग. चार सेकंदांत दोनशे ग्रॅम चॉकलेटचा पिवळा गोळा! साधा पावडरचा रंगही नीट विरघळत नाही, ठिपके राहतात. चॉकलेटसाठी तेलातले रंग वेगळे मिळतात, दुकानात 'ऑइल बेस्ड कलर' असं स्पष्ट विचारा. किंवा रंगाच्या भानगडीत पडूच नका, नवव्या पायरीत सोपी पळवाट आहे.

किती गरम हवं? थर्मामीटर असेल तर ४० ते ४५ अंश. नसेल तर बाळाच्या दुधाची परीक्षा करतात तशी, मनगटाच्या आत एक थेंब टाकून बघा. कोमट लागलं पाहिजे, चटका बसता कामा नये. पांढरं कंपाउंड विशेष नाजूक असतं. जास्त तापलं की पातळ होण्याऐवजी उलट घट्ट आणि रवाळ होतं.

पोत साधारण बासुंदीसारखा हवा. चमच्यावरून सलग धार पडली पाहिजे. फार दाट वाटलं तर एक लहान चमचा वितळलेलं वनस्पती तूप घाला. बऱ्याच कृतींमध्ये खोबरेल तेल सांगतात. आपल्याकडे ते घालू नका, कारण खोबरेल साधारण २४ अंशांनाच वितळतं, म्हणजे एप्रिलमध्ये गोठलेलं आवरणसुद्धा बोटाला लागत राहतं. लोणी तर नकोच, त्यात पाणी असतं.

७. आधी फक्त काडी बुडवा

चॉकलेट तयार झालं की फ्रीजमधून एका वेळी सहा-सातच गोळे काढा. काडीचं टोक दीड सेंटिमीटर चॉकलेटात बुडवा आणि लगेच गोळ्यात निम्म्यापर्यंत खुपसा. आरपार नको. काडीच्या मुळाशी चॉकलेटची छोटी कडी तयार होते, तीच गोळ्याला धरून ठेवते. हे एवढंसं काम मी पहिल्या वर्षी वेळ वाचवायला गाळलं होतं.

काडी लावलेले गोळे, काडी वर अशा स्थितीत, पुन्हा पाच-दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. कडी टणक झाली पाहिजे. एक गोळा काडीने उचलून हळूच हलवा. डुगडुगला तर अजून थोडा वेळ द्या.

८. बुडवणं

वितळलेलं चॉकलेट रुंद वाडग्यात ठेवू नका, उंच कपात किंवा स्टीलच्या पेल्यात ओता. (स्टीलचा पेला मायक्रोवेव्हमध्ये जाऊ देऊ नका. दर वेळी काचेत गरम करून पेल्यात ओतायचं.) रुंद भांड्यात गोळा लोळवावा लागतो आणि लोळवला की तो सुटतो. उंच पेल्यात तो सरळ आत जातो आणि सरळ बाहेर येतो.

फ्रीजमधून काढलेला गोळा तीन-चार मिनिटं बाहेर राहू द्या. बर्फासारखा गार गोळा कोमट चॉकलेटात गेला की आवरण क्षणात गोठतं, आतला गोळा नंतर सावकाश ऊब घेऊन फुगतो आणि आवरणाला तडा जातो. फ्रीझर नको म्हटलं ते यासाठी. आणि अगदी खोलीच्या तापमानाला आलेला गोळा तर चॉकलेटातच राहतो. गार हवा, गारठलेला नको.

आता काडी धरून गोळा सरळ खाली न्या. चॉकलेट काडीच्या मुळापर्यंत आलं पाहिजे, कुठे उघडं राहिलं तर तिथून कंडेन्स्ड मिल्क पाझरतं. एकदाच बुडवा, ढवळू नका, सरळ वर काढा. मग काडी किंचित तिरपी करून पेल्यावर धरा आणि दुसऱ्या हाताने काडी धरलेल्या मनगटावर हलक्या टिचक्या मारा. काडीवर नाही, मनगटावर. जास्तीचं चॉकलेट ओघळतं. अधूनमधून काडी फिरवत राहा, म्हणजे ओघळ एकाच बाजूला साचत नाही. ओघळ थांबला की दहा सेकंदांत सजावट करून काडी तांदळात उभी करा.

पहिले तीन बिघडतात. माझे अजूनही बिघडतात. ते घरच्यांचे, असं आधीच जाहीर करून टाका.

पेल्यातलं चॉकलेट मध्येच दाट व्हायला लागलं की ओढूनताणून बुडवू नका. दाट आवरण जड होतं आणि गोळा घसरतो. परत काचेत घेऊन थोडं गरम करा. आणि चॉकलेट पेल्याच्या तळाशी आलं की शेवटचे दोन-तीन गोळे बुडवायला पुरत नाही. त्यांच्यावर चमच्याने ओता, मागची बाजू कोणी बघत नाही.

घरात एसी असलेली खोली असेल तर हे सगळं तिथे हलवा. मी आता बेडरूममध्ये चादरीवर वर्तमानपत्र पसरून करते. नवऱ्याला ते अजून पटलेलं नाही.

९. अंडं, पिल्लू, ससा

अंडं सगळ्यात सोपं. पांढऱ्या आवरणावर, ओलं असतानाच, रंगीत बडीशेप भुरभुरवा. जेवणानंतरची साखर लावलेली बडीशेप, तीच. विकतच्या स्प्रिंकल्सपेक्षा स्वस्त, चवीला बरी, आणि गुलाबी, पिवळे, हिरवे दाणे वसंतातले वाटतात. शाकाहारी मित्रमंडळींना देणार असाल तर एरवीही हीच बरी, कारण बाहेरच्या सजावटीच्या काही गोळ्यांमध्ये आणि मार्शमेलोमध्ये प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं.

पिल्लासाठी चॉकलेट रंगवायची गरज नाही, ही ती पळवाट. खोबऱ्याचा कोरडा बारीक कीस प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, पिवळ्या रंगाचे दोन थेंब टाका, पिशवी चोळा आणि कीस ताटात पसरून पूर्ण वाळवा. इथे पाण्यातला रंगही चालतो. पांढऱ्या चॉकलेटात बुडवलेला गोळा ओला असतानाच या किसात अलगद फिरवा. वर पिसांसारखा पिवळा लव येतो, आणि आवरणात ओघळ, खड्डे, तडे काहीही असलं तरी झाकलं जातं. पहिल्यांदा करणाऱ्यांनी सगळी पिल्लंच केली तरी माझी हरकत नाही. चोचीला केशरी बडीशेपेचा एक दाणा, पंखांना दोन मगज बिया, डोळ्यांना टूथपिकने डार्क चॉकलेटचे दोन ठिपके. बिया आणि चोच चिकटवायला टूथपिकच्या टोकावर चॉकलेटचा थेंब घ्या.

सशाचे कान काजूच्या पाकळ्यांचे. ते चॉकलेट ओलं असताना लावले तर घसरून गालावर येतात, कोरडं झाल्यावर लावले तर पडतात. म्हणून गोळ्यावर आवरण चढवण्यापूर्वीच, काडीच्या विरुद्ध बाजूला, सुरीने दोन छोट्या चिरा पाडा, कान त्यात खोचा आणि मग कानांसकट बुडवा. चिरा न पाडता काजू दाबलेत तर गोळा फुटतो. सशाला वेळ लागतो, म्हणून मी चोवीसांत चारच करते आणि त्यांवरून मुलांची भांडणं होतात. त्यापेक्षा एकही करू नये, असं आता वाटायला लागलं आहे. काजू वापरलेले पॉप्स वेगळे ठेवा आणि वाटण्यापूर्वी कोणाला सुकामेव्याची ॲलर्जी आहे का ते आयांना विचारा.

सासूबाई दरवर्षी काजूच्या मार्झिपॅनची, म्हणजे काजूची पूड आणि साखर मळून केलेल्या मिठाईची, अंडी करतात. त्यातला उरलेला रंगीत मार्झिपॅन लाटून त्याची फुलं, पानं कापली तर केक पॉपवर सुरेख दिसतात. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःहून एक वाटी बाजूला काढून ठेवली होती. बोलल्या काही नाहीत.

१०. ठेवणं आणि चर्चपर्यंत नेणं

आवरण गोठलं की प्रत्येक पॉपवर छोटी पारदर्शक पिशवी चढवा आणि काडीला दोरा बांधा. मग सगळे हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये. बिस्किटांचे आठवडाभर चांगले राहतात, क्रीम घातलेले केकचे तीन दिवसांत संपवा.

इथे एक शेवटचा सापळा आहे. फ्रीजमधून काढून डबा लगेच उघडला की दमट हवा गार चॉकलेटवर बसते आणि पॉप्सना घाम सुटतो. चमक जाते, बडीशेपेचा रंग ओघळतो, पिल्लाच्या डोळ्यांखाली काजळ पसरतं. म्हणून डबा बंदच ठेवून बाहेर काढा, अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या, मग उघडा. घाम येतो तो डब्याच्या बाहेरून, आतून नाही.

रात्रीचा मिस्सा लांबतो. डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका, दिवसभर तापलेली डिकी रात्रीही लगेच थंड होत नाही. आइस पॅक असेल तर टॉवेलमध्ये गुंडाळून डब्याखाली ठेवा, थेट चिकटवून नको. आणि तीन वर्षांखालच्या मुलांना काडी काढून, गोळ्याचे तुकडे करूनच द्या.

पेल्यात चॉकलेट उरतंच, पन्नास-साठ ग्रॅम तरी. त्यात तुपावर भाजून पूर्ण गार केलेल्या बारीक शेवया मिसळा, बटर पेपरवर चमचा-चमचा टाका आणि प्रत्येकाच्या मधोमध बोटाने खळगा करा. फ्रीजमध्ये पंधरा मिनिटांत घरटी तयार होतात. खळग्यात मार्झिपॅनचं एकेक अंडं ठेवायचं. पहिल्या वर्षी बावीस मुलांना मी शेवटी हीच वाटली होती.